घराची वारस

लॉकडाऊनमध्ये ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच उरलो. मी पुण्याची, ती मेघालयातली, गारो जमातीची. ओळख युनिव्हर्सिटीतली. माझं कॅफेतलं काम सुटलं होतं. ती वृद्धाश्रमात शिफ्टला जायची आणि आली की खोलीचं दार लावून घ्यायची. खिडकीतून स्टीलवर्क्सचा धूर दिसायचा, तेवढीच हालचाल.

त्यात तिकडे गावी तिची आई अंथरुणाला खिळली. गारोंमध्ये नाव आईचं लागतं, घर-जमीन मुलीकडे जाते. आई जिला निवडते ती मुलगी घर सांभाळते, जावई तिथे राहायला येतो. धाकटी म्हणून हिचीच निवड झालेली.

"नशीबवान आहेस," मी म्हणाले. "आमच्यात मुलगी परक्याचं धन."

"तुला घर सोडून निघता तरी येतं," ती म्हणाली.

ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद होत्या. ती आईकडे गेली असती, तर परत येता आलं नसतं. डिग्री अर्धीच राहिली असती.

रोज दुपारी आई फोनवर जुन्या गोष्टी सांगायची. ही एकेक ओळ मागून म्हणायची, चुकली की आई पुन्हा म्हणायला लावायची. नेटवर्क गेलं की ही भिंतीवर मूठ आपटायची.

"लिहून का घेत नाहीस?" मी विचारलं.

"आमची अक्षरं कातड्यावर होती म्हणे. तिबेटहून येताना भूक लागली, पूर्वजांनी ती उकडून खाल्ली. तेव्हापासून सगळं पोटातच."

मग एकदा तिच्या मामांचा फोन आला. त्यांच्यात आईच्या भावांचा शब्द मोठा. "घर रिकामं ठेवता येत नाही, पोरी. आईने थोरलीला नेमलंय."

ती "बरं" म्हणाली. घासलेलंच पातेलं पुन्हा घासत बसली. "सुटले मी," म्हणाली आणि ढसाढसा रडली. नेमकं कशाचं सांत्वन करायचं, मला कळेना. दुसरीकडे जायला जागाही नव्हती. शेजारी बसून राहिले.

आई गेली तेव्हा तिने व्हिडिओ कॉलवर गावातल्या बायकांच्या सुरात सूर मिसळून विलाप केला. खालच्या शेजाऱ्याने दार वाजवलं. "ऑल गुड, मेट?" डोळे पुसत ती "नो वरीज" म्हणाली.

सीमा उघडल्यावर ती गावी जाऊन आली.

"ताईने मला काही करूच दिलं नाही," ती म्हणाली. "आधी मला वाढलं. निघताना पिशवी भरून दिली. पाहुणीसारखं."

"माहेरी असंच असतं गं," मी म्हणाले.

तो शब्द तिला समजावून सांगावा लागला.