पत्र्यावरचं धुराडं

लासूर स्टेशनच्या पुढचं आमचं गाव दुसऱ्या वर्षीही कोरडं गेलं, तेव्हा आम्ही शहराच्या कडेला, पडेगावला आलो. माझे मालक बांधकामावर मजुरीला लागले. विटांची एक खोली उभी केली, वर पत्रे टाकले. चहूकडे प्लॉटचे दगड रोवलेले, रोज कुठंतरी नवीन पाया खोदलेला. पाण्याला टँकर आणि जळणाला स्लॅबच्या सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे. त्या फळ्यांना तेल लागलेलं असायचं. भडकन पेटायच्या, पण धूर असा की समोरचं माणूस दिसायचं नाही.

माझी लेक तेव्हा नुकती बोलायला लागली होती. बोलण्यापेक्षा खोकायचीच जास्त. दवाखान्यातल्या बाईंनी तिची छाती तपासली आणि विचारलं, "चूल कुठं आहे?"

"खोलीतच."

"मग आधी धूर बाहेर काढा. नुसत्या औषधानं भागायचं नाही."

मी बाहेरच्या माणसाशी बोलताना जमिनीकडे बघते. चौथीपर्यंत शिकले, पण वर्गात कधी हात वर केला नाही. त्या दिवशी मात्र घरी येऊन मालकांना सांगितलं की चुलीला धुराडं पाहिजे.

सासूबाई आधी बोलल्या. त्यांनी गावाकडून आणलेली बियाण्याची ज्वारी, कणसांचा जुडगा, चुलीच्या बरोबर वर टांगला होता. धुरानं कीड लागत नाही म्हणून. "धूर बाहेर गेला अन् बी किडलं, तर पेरायचं काय, माझी हाडं? पाऊस झाला की माघारी जायचंच हाय. चार दिवसांच्या घराला धुराडं कशाला?"

"आत्याबाई, ते चार दिवस पोरीनं श्वास घ्यायचा का नाय?"

जुडगा मात्र त्यांनी तिथंच ठेवला.

मालक आणि मी पत्र्याचं काम करणाऱ्या चाचांकडे गेलो. पाइप देताना ते म्हणाले, "मोड नक्को. सीधा उप्पर जाने दो. छप्पर के माथे से ऊंचा, लकडी से हातभर दूर." मी मागं उभी राहून ऐकलं. घरी आल्यावर मालकांनी पाइपला मोड लावला आणि भिंतीतल्या खिडकीच्या भोकातून बाहेर काढला. पत्रा कापला तर पाऊस आत येईल, म्हणाले.

दौलताबादकडून वारा सुटला की सगळा धूर त्याच पाइपातून परत घरात. आधी निदान दारातून तरी जायचा. लेक खोकून खोकून ओकली.

दुसऱ्या दिवशी मालक कामावर गेल्यावर मी चूल विझवली, शेजारून शिडी मागितली, छन्नी-हातोडी घेतली आणि पत्र्यावर चढले. भर दुपारी. हातोडीच्या आवाजानं गल्ली गोळा झाली.

शेजारीण म्हणाली, "अगं बाई! टँकरपाशी घागर घेऊन सगळ्यांच्या मागं उभी राहती, ती हीच का?"

सासूबाई खालून ओरडल्या, "उतर खाली! पदर सांभाळ! लोक काय म्हणतील?"

"लोकांना खोकला नाय, आत्याबाई."

"अगं, भोकातून पाऊस येईल!"

"येऊ द्या की! दोन वर्षं वाट बघायलोय. भोक बघून तरी येऊ द्या."

गल्ली हसली. माझा हात थांबला नाही. वाशापासून लांब जागा धरून पत्रा कापला. मोड काढून टाकला, पाइपाचे तुकडे एकात एक बसवून सरळ वर घेतले, छपराच्या माथ्याच्याही वर. पाइपाच्या तोंडावर टोपी बसवली, तारेनं ताण दिला. खाली येऊन चूल पेटवली. धूर वर निघाला, शहराकडे वळला आणि गेला.

संध्याकाळी मालक आले. वर बघून म्हणाले, "भोक कुणी पाडलं?"

"मी. बुजवायचं असेल तर उद्यापासून चूल तुम्ही फुंका."

ते बाहेर जाऊन पाइपाचं टोक बघून आले. मग म्हणाले, "तार नीट ओढली का?"

"ओढली."

"मग वाढ."

सासूबाई पाठ करून बसल्या होत्या. मी कणसं काढून त्यांच्यापुढं ठेवली, चुलीतली राखही ठेवली. "तुरीला तुम्ही राखच लावता. ज्वारीला का नाय?"

"चाळून घे आधी," त्या तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या. "निखारा राहिला तर बी भाजंल." मग चाळणी त्यांनीच ओढून घेतली.

लेकीचा खोकला एकदम गेला नाही. हळूहळू कमी झाला, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की ती चुलीपाशी बसून नुसती बडबड करतेय.

पुढं पाऊस आला. राखेतली ज्वारी मालकांनी गावाकडं नेऊन पेरली. मी आणि लेक इथंच राहिलो, सासूबाईही राहिल्या. पाइपाच्या कडेनं पाणी ठिबकलंच. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी डांबर घेतलं आणि शिडी लावली.

शिडी त्यांनी धरली. पदर सांभाळ, हे मात्र याही वेळी म्हणाल्या.