विदोच्या होडीतला दगड

...अगं, बेट देवाने केलं असं नको लिहूस, मारे पोरी. खोड ते. देवाने समुद्र केला. बेट आपल्या लोकांनी केलं, एकेक दगड टाकून, जुनी गलबतं बुडवून. मग त्यावर मेरीमातेचं देऊळ उभं राहिलं. पाण्यावर घंटा वाजते आणि खाली नुसते माणसांचे हात! अजून ऊर भरून येतो बघ.

तर जेले. धक्क्यावर बसून जाळी सांधायची ती. तिचा नवरा विदो त्या वसंतात वारला. एकच लेक, लुसा, ती लांबच्या बंदरात दिलेली. आणि आला जुलैचा सण. होड्या एकीला एक बांधून, गात गात बेटाकडे न्यायच्या, घरच्या पुरुषाने घरचा दगड टाकायचा. बाईने होडीत चढायचं नाही, दुसऱ्याच्या दगडाला कोणी हात लावायचा नाही. आणि ज्या घराचा दगड चुकला, त्याची होडी पुन्हा रांगेत बांधत नाहीत. घरच संपलं म्हणायचं.

जेलेने दगड खाऱ्या पाण्याने धुतला आणि धक्क्यावर आली.

पुढच्या होडीतला म्हातारा त्रिपो ओरडला, "जेले, चढू नकोस हं! माझा आजा थडग्यातून उठून बसेल!"

"बसू दे की! त्यालाच वल्हं दे. तुझ्याहून बरं मारील."

बायका खो खो हसल्या. जेले नाही हसली. "चढत नाही रे बाबा. पण विदोची होडी बांध शेवटी. रिकामी बांधू नये असं तुझा आजा म्हणाला होता का?"

त्रिपोने डोकं खाजवलं. बांधली.

जेलेने धक्क्यावरूनच वाकून दगड होडीच्या काठावरच्या फळीवर ठेवला. विदो ठेवायचा तिथंच, लाकूड गुळगुळीत झालंय तिथं.

होड्या निघाल्या. सूर्य डोंगराआड गेला, पाणी तांब्यासारखं झालं. गाणं लांब गेलं, मग थांबलं. दगड पडू लागले, धब्ब, धब्ब. जेले ऐकत राहिली. बाकी सगळे पडले. रिकाम्या होडीतला मात्र कोण टाकणार?

तेवढ्यात पहिली होडी वळून मागे आली. त्रिपो उभा राहिला. दगडाला हात नाही लावला हो त्याने. नुसता पाय ठेवला विदोच्या होडीच्या काठावर आणि सगळा भार दिला. होडी कलली. दगड घसरला.

धब्ब.

एवढ्या लांबून तो आवाज आला. जेलेने धक्क्यावरून वाकून दोन्ही हात पाण्यात बुडवले, जणू तिकडून कोणी धरणार होतं.

त्या बेटात आता तिचंही घर आहे. जेले गेली, पण विदोची होडी रांगेत अजून बांधतात.

पुरे झालं, हात दुखला असेल तुझा. एवढं कर, लुसा सणाला आली की तिला सांग, यंदाचा दगड मी तिच्या आईच्या घराच्या पायरीखाली ठेवलाय, धुऊन.