डावीकडे एक, उजवीकडे दोन

आधीच सांगतो, मी या असल्या गोष्टींतला माणूस नाही. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. गेजमध्ये बसला तो जॉब पास, नाही बसला तो नापास, मधलं काही नाही. कुणी भुताखेताचं सुरू केलं की मी उठून चहा टाकायला जातो, बायको त्यावरून चेष्टाही करते. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण झालं ते असं...

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद साल असेल. आम्ही डोंबिवली पश्चिमेला राहायचो. बाबांनी रिटायर झाल्यावर हौसेने सेकंडहँड गाडी घेतलेली. ती बनली त्या काळी रस्त्यावर मुख्यतः दोनच प्रकारच्या गाड्या दिसत, त्यातली लहान. वय वर्षं सोळा — गाडीचं. खड्डा आला की मागून डाव्या बाजूने आवाज यायचा, खट... खटखट... डब्यात सुपाऱ्या हलवाव्यात तसा.

एरवी चालवून घेतलं असतं. पण माझी धाकटी बहीण सुधा इगतपुरीला दिलेली. पहिलटकरीण, सातवा महिना सरत आलेला. आठव्यात प्रवास नको म्हणून आई अडून बसलेली, आणि लेक एसटीने नाही, आपल्या गाडीतूनच माहेरी येणार म्हणून बाबा. शेवटी रविवार ठरला. वाटेत कसारा घाट, आणि गाडी चालवणार मी. आवाज कसला ते कळल्याशिवाय बहिणीला त्या गाडीत बसवायची माझी हिंमत नव्हती, म्हणून शनिवारी गाडी कोपरला काळूदादाकडे नेली.

काळूदादा तिथला मूळचा, आगरी, पन्नाशीचा मेकॅनिक. खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याची पत्र्याची शेड होती. त्याने डाव्या बाजूचे रबरी बुश बदलले, सगळे नट आवळले. आवाज जसाच्या तसा. मग त्याने स्वतःची रीत काढली. मागची सीट बाहेर, स्टेपनी बाहेर, जॅकसुद्धा बाहेर — त्यांचा आवाज नको म्हणून. मागे उघड्या पत्र्याला कान लावून तो आडवा होणार, मी खराब रस्त्यावरून गाडी नेणार. मी बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. तोंड चाललं की कान बंद होतात, असं त्याचं म्हणणं. आवाज डावीकडून आला तर तो माझ्या सीटच्या पाठीवर एक थाप मारणार, उजवीकडून आला तर दोन.

दुपारचे तीन वाजले असतील, लख्ख ऊन. पहिला खड्डा, एक थाप. दुसरा खड्डा, एक थाप. मलाही डावीकडूनच ऐकू येत होतं. मग समोरून रेतीचा ट्रक आला. मी गाडी कडेला घेऊन थांबवली. ट्रकचा हॉर्न, धूळ, घरघर... तो गेल्यावर मागून काळूदादाचा आवाज आला, सावकाश जाऊ दे. मी पहिला गिअर टाकला.

पुढचा खड्डा आला आणि पाठीत दोन थापा बसल्या. वाटलं, दादा चुकला. पुढच्या खड्ड्याला परत दोन. मग प्रत्येक खड्ड्याला दोनच, आणि दर वेळी जरा जास्त जोरात. शेवटच्या वेळी तर मी स्टिअरिंगवर पुढे ढकललो गेलो. राग आला होता, पण बोलायचं नाही म्हटल्यावर गप्प राहिलो.

खाडीपाशी गाडी वळवली आणि समोर पाहिलं, तर काळूदादा रस्त्यावरून घाम पुसत चालत येत होता.

मी मागे बघितलं. नुसता उघडा पत्रा. हलेल, आपटेल असं काहीही नाही.

"मी तं टरक आला तवाच उतरलू," तो म्हणाला. चाक बाहेरून बघावं म्हणून तो उतरला होता, आणि सावकाश जाऊ दे हे त्याने रस्त्यावरून सांगितलं होतं. मी थापांचं सांगितल्यावर आधी हसला. आवाज डावीकडचाच आहे, यात त्याला शंका नव्हती. मग माझा चेहरा बघितला असावा, कारण त्याने गाडी शेडमध्ये घेऊन उजवी बाजू उचलली.

उजवीकडचे स्प्रिंगचे पाटे ज्या बोल्टने मागे गाडीला धरलेले असतात, तो बोल्ट आतून चिरला होता. मी स्वतः हातात घेऊन बघितला. चिरेत जुना गंज, आणि धरून ठेवणारं लोखंड नखभर उरलेलं. आवाज पत्र्यातून फिरून डावीकडे ऐकू येत होता, हे काळूदादाने नंतर समजावलं आणि ते मला पटलंही. बाकीचं पटत नाही, तेवढंच राहिलंय.

रविवारी नव्या बोल्टवर सुधाला आणली. ती उजवीकडे, बरोबर माझ्या मागे बसली आणि अख्खा घाट झोपून आली. तिला मी हे अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात मागची सीट काढून त्याच रस्त्यावरून मी एकटाच पाच-सहा फेऱ्या मारल्या. माझ्या सीटची स्प्रिंग तपासली. काही नाही. त्या जागी कधी कुणी अपघातात गेलं होतं का, तेही गावात विचारून आलो. तसंही काही नाही. कुणाचं नाव घ्यावं तर नाव नाही, भास म्हणावं तर तो बोल्ट मी हातात धरलेला... भीती नाही वाटत, पण डोकं चालत नाही एवढं खरं.

काही वर्षांनी काळूदादाला मी मुद्दाम विचारलं, त्या दिवशीचं तुला काय वाटतं? त्याने हात पुसले आणि समोरच्या गाडीच्या मागच्या दाराकडे बोट केलं.

"मी गारीन असतू ना भाऊ," तो म्हणाला, "तं एकच थाप मारली असती."