धुळ्याचा एक्सरे

काल छातीचा एक्सरे काढायला गेलो. तिथली पोरगी म्हणाली, "आबा, गळ्यातलं काढा." मी तुळशीची माळ काढून तिच्या हातात दिली, आणि मान खाली गेली.

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत माझ्या बायकोला, सरूला, खोकताना रक्त पडायचं. म्हणून पारोळ्याहून तिला धुळ्याला एक्सरेला नेलं होतं. खोलीत तापलेल्या तारांचा वास होता. एक्सरेवाल्याची बोटं त्याच किरणांनी भाजून काळी पडलेली. तो म्हणाला, "बाई, मंगळसूत्र काढा. सोन्याची सावली पडते, आतलं दिसत नाही."

"मी अजून जित्ता शे!" मी ओरडलो.

सरू हळूच म्हणाली, "अहो, पाच मिन्टनं काम शे. काढी देसू मी."

मी तिचा दंड धरला आणि तशीच बाहेर ओढत आणली. सगळ्यांना सांगत सुटलो की बायकोची अब्रू राखली. खरं ते आज लिहितो. मंगळसूत्र उतरलं तर मी मरेन, अशी भीती मला वाटली होती.

चार महिन्यांनी सरू गेली. चितेवर ठेवण्याआधी तिचं मंगळसूत्र मीच काढलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.