माझ्या आत्याचं स्टेशन

रेल्वे सरकारची असते असं मी शाळेत मुलांना शिकवते, पण आमच्या गावाबाहेरचं स्टेशन माझ्या आत्याचं आहे, आणि याबद्दल खुद्द आत्याच्या मनात कधी तिळभर शंका आली नाही. स्टेशनवरच्या पिवळ्या पाटीवर गावाचं नाव कानडीत, हिंदीत आणि इंग्रजीत लिहिलेलं आहे. आत्याला यांतलं काहीच वाचता येत नाही. एकदा मी तिला ते वाचून दाखवलं, तर म्हणाली, "लिहू दे की. पाव्हण्यांना पत्ता लागाय पायजे."

आमच्या भागात रेल्वे येण्याआधी कितीतरी वर्षं ती नुसती बोलण्यातच धावत होती. बिदरहून कलबुर्गीला रूळ जाणार, हे माझ्या आजोबांनी लहानपणी ऐकलं होतं आणि म्हातारपणीही ऐकलं. मधूनमधून मोजणीवाले यायचे, रानात पांढरे दगड पुरून जायचे, आणि मग लोक त्या दगडांना शेळ्या बांधायचे. अखेर एका उन्हाळ्यात खरंच यंत्रं आली, मातीचा बांध उभा राहिला आणि त्यात आत्याचं ओढ्याकाठचं रान गेलं. ते तिचं सगळ्यात चांगलं रान. आतोबा तोवर राहिले नव्हते. आता ही बाई ऊर बडवून घेणार, असं गावाला वाटत होतं. पण पहिली गाडी आली त्या दिवशी आत्या आरतीचं ताट घेऊन नेमकी इंजिनासमोर उभी. ड्रायव्हर बिचारा गोंधळला, मग खिडकीतून वाकून त्यानं कपाळाला कुंकू लावून घेतलं. त्या दिवसापासून 'रान गेलं' हे शब्द तिनं तोंडातून काढले नाहीत. "आमच्या रानात गाडी येती," असं ती सांगायची, आणि सांगताना पदर सारखा करायची.

प्लॅटफॉर्मचा नकाशाही तिचा वेगळाच होता. सिमेंटखाली पूर्वी काय पेरलेलं होतं ते तिच्या डोळ्यांसमोर असायचं, त्यामुळं तिकिटाची खिडकी म्हणजे बांध, बाकडी म्हणजे उडीद, आणि शेवटचा डबा थांबतो ती जागा म्हणजे तूर. "तुरीत ऊन हाय, उडदात बस जा," असं ती कुणालाही सांगायची. आम्हा रोजच्यांना सवय होती, पण मुडबीकडून टमटमनं येणारी परकी माणसं पिशवी हातात धरून उडीद शोधत राहायची. एकदा हुलसूरचा एक व्यापारी खरंच विचारत आला, "उडदाचा काय भाव चाललाय हितं?"

सकाळची गाडी कलबुर्गीला जाते आणि संध्याकाळची परत येते, एवढाच आमच्या स्टेशनचा खरा संसार. बाकीच्या एक-दोन गाड्या थांबतात न थांबतात. न थांबता धूळ उडवत जाणाऱ्या गाडीचा आत्याला मनापासून राग. "वळख नसल्यावानी जायलीय बघ," म्हणायची. सकाळच्या गाडीला माझ्यासारख्या मास्तरणी, कॉलेजच्या मुली, कोर्टाची तारीख असलेले, दवाखान्याला निघालेले, कोथिंबीर-मेथीच्या पेंढ्या घेतलेल्या बायका असा सगळा मेळा असायचा. आत्या तांब्याभर थंडगार पाणी आणि पितळी पेला घेऊन सगळ्यांत फिरायची. कुणी ओळखीचं असो वा नसो, ती समोर उभी राहून विचारणार: "कुठं जायलास? कामून जायलास? कदी येणार?" समोरचा माणूस बघून ती हेच कानडीत विचारायची, नाहीतर दख्खनी उर्दूत. कामून, म्हणजे कशासाठी जातोय, हे नाही सांगितलं तर चालायचं, पण कधी येणार हे सांगितल्याशिवाय ती पेला हातात द्यायची नाही. एकदा एका वकिलानं "सांगता येत नाही" म्हटलं, तर तिनं त्याला तसंच ताटकळत ठेवलं. गाडीचा भोंगा ऐकू आला तेव्हा त्यानं घाईघाईनं "संध्याकाळी" म्हणून टाकलं. "आत्ता कसं," म्हणून तिनं पेला भरला.

स्वतः मात्र ती कधी गाडीत बसली नव्हती. "घरच्या बाईनं पाव्हण्यांना वाटंला लावावं, त्यांच्याबरोबर निघून जाऊ न्हाई," असा तिचा हिशेब. कलबुर्गीला देवदर्शनाला जायचं असलं तरी ती बसनं जायची आणि परत आल्यावर दोन दिवस कंबर धरून बसायची.

स्टेशनमास्तर लांब बिहारकडचा तरुण पोरगा. नवीन आला तेव्हा कायद्याला फार धरून होता. त्यानं आत्याला अडवलं आणि प्लॅटफॉर्म तिकीट लागेल म्हणून सांगितलं. आत्यानं ते शांतपणे ऐकून घेतलं, आणि त्यालाच विचारलं, "तू मास्तर ना? मग तुजी शाळा कुठं हाय?" त्याला काही कळलं नाही. मी हिंदीत सांगितलं तेव्हा तो कसनुसा हसला. पुढं थंडीतापानं तो खोलीत पडून राहिला, तेव्हा आत्या रोज ज्वारीची आंबील घेऊन त्याच्या दारात जायची. तिला दख्खनीपुरतीच हिंदी, त्याला मराठी मुळीच नाही, पण त्याच्या आईचं नाव, बहिणीचं लग्न, घरची म्हैस, सगळं तिला कळलेलं असायचं. बरा झाल्यावर त्यानं तिकिटाचा विषय पुन्हा काढला नाही. 'कामून' हा त्याचा पहिला मराठी शब्द. तो शब्द तो फोनवर रेल्वेच्या साहेबांशी बोलतानाही वापरायचा.

अशीच एक सकाळ होती. गाडीला थोडा वेळ होता. बाकड्याच्या टोकाला आमच्याच गावातली एक सून बसली होती. लग्न होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. माहेर कलबुर्गीचं. मांडीवर एक गच्च भरलेली पिशवी आणि नजर रुळांवर. आत्या तांब्या घेऊन तिच्यापाशी गेली.

"कुठं जायलीस माय?"

"आईकडं."

"कदी येणार?"

पोरीनं मांडीवरची पिशवी आणखी घट्ट धरली. वकिलालाही सुटका न देणारी आत्या आता पुन्हा विचारणार, म्हणून मी तिकडं बघत होते. पण आत्या नुसती उभी राहिली. तिची नजर पोरीच्या हातांवर होती. एका हातात हिरव्या बांगड्या होत्या, दुसऱ्या हातात एकही नव्हती, आणि मनगटावर काचेचे ओरखडे होते, ताजे. आत्यानं पेला भरला आणि उत्तर न घेताच तिच्या ओठांपाशी धरला. पोरीनं एका दमात पाणी पिऊन टाकलं.

गाडी आली. पोरगी उठली, पण पायऱ्यांशी जाऊन थबकली, आणि तिनं मागं वळून गावाच्या रस्त्याकडं बघितलं. कुणी येत नव्हतं. तिचा पाय मात्र उचलेना. तेव्हा माझ्या आत्यानं एका हातात तांब्या धरला, दुसऱ्या हातानं तिचं कोपर धरलं आणि म्हणाली, "चल, मी बी येते." मी बघतच राहिले. दोघी डब्यात चढल्या आणि त्यांच्या मागं मी. खोलीच्या दारातून मास्तरानं हे बघितलं असणार, कारण गाडी हलली तेव्हा तो खिडकीशेजारून धावत आला आणि आमच्या हातात एक तिकीट कोंबून गेला. "अम्मा का," एवढंच म्हणाला.

डब्यात गर्दी होती. एका बाईनं सरकून आम्हाला टेकण्यापुरती जागा दिली. पोरगी मध्ये, आत्या कडेला, मी उभी. आत्यानं एका हातानं समोरची दांडी घट्ट धरली होती, आणि दुसऱ्या हातातला तांब्या हिंदकळू नये म्हणून पोटाशी धरला होता. आयुष्यात पहिल्यांदा गाडीत बसलेली बाई, पण इकडंतिकडं बघणं नाही की काही विचारणं नाही. मग बोगदा आला. डब्यातले दिवे बंद होते. सगळं काळंमिट्ट झालं, चाकांचा आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होऊन यायला लागला, आणि त्या आवाजात मला कुणीतरी हुंदके देऊन रडतंय असं ऐकू आलं. उजेड आला तेव्हा पोरीचं डोकं आत्याच्या खांद्यावर होतं, दांडी सोडलेला आत्याचा हात तिच्या पाठीवरून फिरत होता, आणि तांब्यातलं पाणी दोघींच्या लुगड्यांवर सांडलेलं होतं. "रड माय," आत्या हळूच म्हणत होती. "आपलीच गाडी हाय."

त्या दिवशी मी शाळेला रजा टाकली. रिक्षानं आम्ही तिघी तिच्या आईच्या घरी गेलो. आईनं दार उघडलं, लेकीचे हात बघितले आणि तिथंच उंबऱ्यावर खाली बसली. आत्यानं तिला रडू दिलं, मग एकच गोष्ट सांगितली: "लेकीला कामून आलीस म्हणून विचारू नको. जेवाय घाल आदी." आणि आम्ही निघालो.

परतीच्या गाडीतही गर्दीच होती. गावात बातमी आमच्याआधी पोचली होती. दुसऱ्या दिवशी त्या पोरीची सासू आत्याच्या अंगणात येऊन उभी राहिली. आत्या सुपात डाळ निवडत होती. सासूनं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "तू माझी सून पळवलीस."

"पळवली न्हाई माय," आत्या म्हणाली, "पोचवली. बस, च्या ठेवते."

सासू बसली नाही. त्यानंतर बरेच दिवस त्या गल्लीतली माणसं प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहू लागली. आत्या तांब्या घेऊन जवळ गेली की ती माणसं म्हणायची, "तान न्हाई." माझ्या आत्याला कुणी पाण्याला नको म्हटलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. ती माघारी वळायची, पेला पदरानं पुसायची आणि उगाच पुन्हा भरायची. हे मास्तराच्याही लक्षात आलं. एका सकाळी तो सगळ्यांच्या मधून चालत तिच्यापाशी आला, म्हणाला, "अम्मा, तान लई," आणि पेल्यामागून पेला पीत राहिला. त्याचा गणवेश पुढून ओला झाला तरी थांबेना. कॉलेजच्या मुली हसायला लागल्या, आणि त्यांनीही पेला मागितला. हळूहळू ती गल्लीही आली. सासू तेवढी आली नाही.

ती पोरगी परत नांदायला आली नाही. नवरा दोनदा जाऊन आला. दुसऱ्या वेळी रिकाम्या हातानं गाडीतून उतरला तेव्हा आत्यानं त्यालाही पाणी दिलं. तो पेला हातात घेऊन कितीतरी वेळ तसाच उभा होता. पुढं मास्तराची बदली झाली, आत्याच्या गुडघ्यांनी हात टेकले, आणि स्टेशनापर्यंतची वाट तिला जड झाली. आता ती दारातल्या कट्ट्यावर बसून असते. स्टेशनवर पाण्याचा नळ आहे, त्याला लोक ओंजळ लावतात.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. संध्याकाळच्या गाडीतून मी उतरले, तशी मागून कुणीतरी हाक मारली. मी ओळखलं नाही. अंगावर दवाखान्यातल्या नर्सचा पांढरा कोट, खांद्याला पर्स. "तांब्यावाल्या अक्का कुठं दिसेनात?" तिनं विचारलं, आणि मग मला मनगटं आठवली. ती कोर्स करून कलबुर्गीच्या एका दवाखान्यात लागली होती. मी तिला घरी नेलं. आत्याला आता कमी दिसतं. तिनं पोरीचा चेहरा हातांनी चाचपला, मग दोन्ही मनगटं धरून बघितली. एका हातात घड्याळ होतं. दुसरा हात मोकळा, आणि त्यावर एकही ओरखडा नव्हता.

"जेवलीस का?" आत्यानं विचारलं. पोरगी तिच्याजवळ खाली बसली आणि दोघींनी एकाच ताटात भाकरी खाल्ली. काय बोलल्या मला माहीत नाही, मी आत चुलीपाशी होते. पोरीचा रात्रीचा मुक्काम आमच्याकडंच झाला. सकाळी आत्यानं तिला पोचवायला येते म्हणून काठी घेतली, अंगणाच्या फाटकापर्यंत आली आणि तिथंच थांबली. "जावा तुमी," म्हणाली. त्या दिवशी मला शाळेला सुट्टी होती. मी पोरीला गाडीत बसवून दिलं आणि परत आले. आत्या अजून फाटकाशीच होती.

"जागा गावली का तिला?"

"मिळाली. खिडकीजवळची."

"चांगलं झालं." तिनं काठी फाटकाला टेकवली. मग स्टेशनाच्या दिशेनं बघत म्हणाली, "मला त्या दिवशी गावली न्हाई बघ खिडकी. जाताना बी न्हाई आन् येताना बी न्हाई. काय काय हाय गं त्या वाटंला?"

मी सांगायला लागले. लाल माती, मग काळी, मग दगडाच्या खाणी, बोगद्याआधीची झाडी, झाडीतले मोर. सांगता सांगता म्हटलं, "आपण दोघी जाऊ की आत्या. तुला खिडकीत बसवते."

"जाऊ," ती म्हणाली. "गुडघा जरा हलका होऊ दे."

गुडघा हलका होणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मी तिच्या काखेत हात घातला, आणि आम्ही सावकाश घराकडं वळलो. चार पावलांवर ती थांबली.

"मोर म्हणालीस न्हवं? मग फुडं काय हाय?"