नेटा रिडॉकच्या कुरणातलं रिंगण

नेटा रिडॉक मला कधी आवडली नाही, आणि मी तिला आवडत होते असंही नाही. गावात माझं दुकान होतं, पोस्टही त्यातच. त्यामुळे आवडो न आवडो, तिचं तोंड पाहावं लागायचंच. ती यायची, काउंटरवरचा पाव बोटानं दाबायची आणि म्हणायची, "कालचा आहे."

"आज सकाळी आलाय, नेटा."

"मग भट्टीवाल्यानं काल भाजला असेल."

तिचं शेत कॉर्समिल, गावाबाहेरच्या चढावर, बेनाही नावाच्या डोंगराकडे तोंड करून. वडिलांमागे तिनं ते एकटीनं सांभाळलं. लग्न केलं नाही. मेंढ्या, थोडी गुरं आणि एक म्हातारं कुत्रं, तेही तिच्याच वळणाचं. मेंढ्यांच्या कुरणात मधोमध धोंड्यांचं जुनं रिंगण होतं. दगड गोलाकार उभे, आणि दक्षिणेच्या अंगाला दोन उंच दगडांच्या मध्ये गाडीएवढा एक धोंडा आडवा टाकलेला. आमच्या ॲबर्डीनच्या मुलखात अशी रिंगणं बरीच आहेत. चार हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी ती कशासाठी उभारली ते कुणालाच माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणूनच लोक बघायला येतात. नेटाला तेच खपत नसे.

पिकाची नासाडी न करता कुणालाही कुणाच्या रानातून चालत जाता येतं, असा आमच्याकडे कायदा आहे. नेटाला तो पाठ होता. ती कुणाला अडवायची नाही. फक्त जूनमधल्या सगळ्यात मोठ्या दिवशी सूर्य पूजणारी पांढऱ्या झग्यातली मंडळी पहाटे येणार असं कळलं, की आदल्या दुपारी ट्रॅक्टरला टँकर जोडून रिंगणाभोवती पातळ शेण फवारून ठेवायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "खत आहे. गवताला लागतं."

गेडिस मास्तरांवर तिचा विशेष राग. हे ॲबर्डीनला शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावर चंद्राच्या मागे लागले. त्यांचं म्हणणं असं, की अठरा-एकोणीस वर्षांतून एकदा चंद्र आभाळात फार खाली उतरतो आणि त्या आडव्या धोंड्याच्या पाठीवरून सरकत जाऊन मावळतो. तो सोहळा बघायला जुन्या लोकांनी ही रिंगणं बांधली. मास्तर काठ्या, दोऱ्या आणि दुर्बीण घेऊन मापं काढायला यायचे. एकदा नेटानं कुरणात नेमका त्याच वेळी मेंढा सोडला. मास्तर कुरणाच्या दगडी गडग्यावरून पलीकडे पडले आणि त्यांचा चष्मा फुटला.

"मेंढ्याला दुर्बिणीची सवय नाही," ती दुकानात सांगत होती. हसत नव्हती.

हे असंच चालत राहिलं असतं. पण गावाची शाळा बंद झाली, मग खानावळ, आणि पुढचा नंबर माझ्या दुकानाचा होता हे सगळ्यांना दिसत होतं. गावकमिटीत कुणीतरी बोललं, की रिंगणापाशी गाड्या लावायला जागा केली, माहितीचा फलक लावला, तर पाहुणे येतील, चहा पितील, काहीतरी घेतील. सरकारी माणूस येऊन जागा बघून गेला. अडलं एकाच ठिकाणी. जमीन नेटाची.

तिला समजवायला म्हणून कमिटीनं बस केली. दुसऱ्या गावांतली रिंगणं बघायची, तिथल्या लोकांनी कसं केलंय ते बघायचं, वाटेत जेवण. माहिती सांगायला गेडिस मास्तर. नेटा येणार नाही असं मला वाटलं होतं. ती आली, सगळ्यात पुढच्या सीटवर बसली आणि ड्रायव्हरला विचारलं, "जेवण फुकट आहे ना? विचारून घेतलेलं बरं."

पहिलं रिंगण झाडीत होतं. नेटा फिरून आली आणि म्हणाली, "आमचा आडवा धोंडा याच्या दुप्पट आहे." दुसऱ्या ठिकाणी फलक होता, खडी टाकलेला गाडीतळ होता, आणि शेतकरीणबाई दारात टेबल मांडून चहा विकत होती. रिंगणाच्या आत पायांनी गवत मरून चिखल झाला होता. आम्ही सगळे त्या चिखलाभोवती उभे राहिलो. मास्तरांनी चंद्राचं सांगितलं, मग शिक्षकाची सवय, सगळ्यांना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, कशासाठी बांधलं असेल?"

सँडी खाटीक म्हणाला, लग्नं लावायला. पाद्रीबाई म्हणाल्या, प्रार्थनेला. मी म्हटलं, बाजार भरत असेल.

"तू दुसरं काय म्हणणार," नेटा म्हणाली.

"तुमचं काय मत, मिस रिडॉक?" मास्तरांनी विचारलं. आवाज सरळ होता, टोमणा नव्हता.

"मला मत नाही. आमच्या रिंगणात पोर होतं. तुमच्यासारख्यांनी ते उकरून नेलं."

कुणाला काही कळेना. मास्तरांना कळलं. ते म्हणाले, "युद्धानंतर खोदकाम झालं होतं तिथे. जळलेली हाडं सापडली होती, बरोबर. पण मिस रिडॉक, ती हाडं रिंगण बांधल्यानंतर कधीतरी ठेवलेली असतील. रिंगण काही थडगं म्हणून बांधलेलं—"

"नंतर ठेवलं म्हणून काय ते तुमचं झालं?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मी आठ वर्षांची होते. माझ्यासमोर काढलं. जबड्याचा एवढा तुकडा, आत न उगवलेला दात. माझ्या आईनं त्या साहेबाला सांगितलं, बघून झालं की परत ठेवा. तो म्हणाला, हो, पुढच्या उन्हाळ्यात. आमच्या घरी जेवत होता तो. पुढचा उन्हाळा अजून यायचाय." मग ती आमच्याकडे वळली. "तुम्हाला गाडीतळ हवा ना? ते पोर परत आणा, तिथेच पुरा, आणि मग काय लावायचा तो फलक लावा. तोवर माझ्या फाटकाला हात लावायचा नाही."

परतीच्या वाटेवर बसमध्ये लोक मोठ्यानं बोलत होते, तिला ऐकू जावं म्हणून. चार हजार वर्षांपूर्वीच्या हाडांसाठी गाव मारायला निघालीय, असं सँडी म्हणाला. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी आल्यावर मी माझ्या आईला विचारलं. आई आणि नेटा एका वर्गात होत्या. आई म्हणाली, "ते खोदणारे आले त्याच्या आधीच्या हिवाळ्यात तिचा धाकटा भाऊ गेला होता. जॉकी. घटसर्प झाला होता. तिची आई त्यानंतर धड नव्हती. त्या साहेबाच्या मागे मागे फिरायची म्हणे, परत ठेवा, परत ठेवा करत. लोक हसायचे." मला वाईट वाटलं. पण दुकान वाचावं असंही वाटतच होतं.

ती हाडं ज्या संग्रहालयात गेली होती, त्यांच्याशी बोलणी करायची कुणी, तर गेडिस मास्तरांनी. दुसऱ्या कुणाला ती भाषा येत नव्हती. नेटाला ते रुचलं नाही आणि मास्तरांनाही फारसं नसावं. पण त्यांनी पिच्छा सोडला नाही, आणि एक दिवस निरोप आला की हाडं सापडलीत, बघायला या. नेटाची नजर अधू झालेली, म्हणून गाडी मी चालवली. मास्तर मागे बसले. वाटभर नेटा म्हणत होती की मी फार हळू चालवते, आणि मास्तरांच्या कोटाला मांजराचा वास येतो.

"दोन मांजरं आहेत माझी," मास्तर म्हणाले.

"वासावरून चार वाटतात."

संग्रहालयाच्या तळघरात निळे हातमोजे घातलेली एक तरुण मुलगी होती. तिनं खोकं उघडून टेबलावर लहान लहान पिशव्या मांडल्या. राखाडी-पांढरे तुकडे, बहुतेक नखाएवढे. "एक मूल आहे, साधारण सहा वर्षांचं," ती म्हणाली. "आणि काही तुकडे मोठ्या माणसाचे. बाईचे असावेत."

"ते तुम्ही आम्हाला सांगितलं नव्हतं," नेटा मास्तरांना म्हणाली.

"मलाही आत्ताच कळतंय."

नेटानं हात पुढे केला. मुलगी म्हणाली, हात लावता येणार नाही. नेटानं हात मागे घेतला नाही. तसाच टेबलावर पिशव्यांच्या शेजारी ठेवला.

"परत कधी देणार?"

मुलगी चांगली होती. तिनं खोटं सांगितलं नाही. म्हणाली की हे ठरवणारी समिती आहे, पण असं परत दिलेलं तिच्या ऐकिवात नाही. पुढे अभ्यासाची नवी साधनं येतील, मातीत गेलं तर सगळंच गेलं.

"माझ्यानंतर... म्हणजे त्या साहेबानंतर, याला बघायला कोण कोण आलं?"

मुलीनं खोक्याबरोबरची यादी चाळली. "नोंद सापडत नाही."

"मग कसला अभ्यास करता, बाई? कपाट राखता तुम्ही." हे ती इतक्या वाईट आवाजात म्हणाली की मुलीचा चेहरा लाल झाला. मास्तरांनी मुलीची माफी मागितली. नेटा जिना चढता चढता ओरडली, "माझ्या वतीनं माफी मागायची नाही."

समितीनं वर्षभरानं नाही म्हटलं. त्याच आठवड्यात नेटानं कुरणाच्या फाटकात बटाटे काढायचं जुनं गंजलेलं यंत्र ओढून आणून उभं केलं. मग दुकानात आली.

"आजपासून माझा पाव ठेवू नकोस."

"मी काय केलं, नेटा? समितीनं नाही म्हटलं, मी नाही."

"तू मनातून खूश आहेस. आता सगळा दोष माझ्यावर ढकलता येईल." हे काही खरं नव्हतं. पण नंतर दोष मात्र सगळ्यांनी तिच्यावरच ढकलला. दुकान दोन हिवाळ्यांनी बंद झालं, तेव्हा तिच्या गडग्यावर कुणीतरी लाल रंगात शिवी लिहिली. कापणीला तिच्याकडे यंत्र घेऊन कुणी जाईना. चर्चमध्ये तिच्या बाकावर ती एकटीच बसायची, बाक मुद्दाम पूर्ण व्यापून, आणि पाद्रीबाईंपेक्षा मोठ्यानं गायची. शिवी तिनं पुसली नाही. पोस्टमनला म्हणाली, "स्पेलिंग चुकलंय. शाळा बंद केली की असं होतं."

मास्तर मात्र येत राहिले. बसनं यायचे, फाटकापर्यंत चालत जायचे आणि रस्त्यावरूनच गडग्याला टेकून रिंगण बघत उभे राहायचे. एका दुपारी मी गाडीतून जात होते. नेटा अंगणातून उतरून त्यांच्याकडे चालली होती, कुत्रं पुढे. आता ही म्हाताऱ्याला मारते की काय म्हणून मी थांबले.

"तिथे उभं राहून काय दिसतंय?" ती म्हणाली.

"थोडं दिसतं."

"वरच्या अंगानं या. तिथे गडगा ढासळलाय. मेंढ्या बिथरल्या तर याद राखा." मग मला पाहून म्हणाली, "तू काय बघतेस? जा."

ते त्यानंतर कुरणात जायचे. ती कधी बरोबर गेली नाही. चहाही कधी दिला नसावा.

नेटा चार वर्षांपूर्वी वारली. शेत तिच्या चुलतभावाच्या मुलाकडे, कॅलमकडे गेलं. त्यानं ते यंत्र भंगारात दिलं, खडी आणून गाडीतळ केला, आणि गावानं फलक उघडायला छोटा समारंभ ठेवला. मी तोवर इन्व्हरुरीच्या मोठ्या दुकानात गल्ल्यावर बसत होते, पण गेले. मास्तर काठी टेकत आले होते. फलकाचा मजकूर त्यांनीच लिहून दिला होता. कापड निघालं, टाळ्या झाल्या, मास्तर पुढे जाऊन वाचू लागले. वाचून झाल्यावर त्यांनी कॅलमला बोलावलं.

"हाडांचं लिहिलं होतं मी. ते पोर, ती बाई, आणि ते कुठे ठेवलेत ते."

"काढलं मी ते," कॅलम म्हणाला. "लोक सुट्टीत येतात, मास्तर. पोरंबाळं घेऊन. त्यांना मेलेलं पोर कशाला दाखवायचं?"

"ते पोर विसरू नये, हेच तुझ्या आत्याचं म्हणणं होतं."

"आत्याच्या म्हणण्यानं शेत कर्जात गेलं. तुम्हाला काय, तुम्ही बघून घरी जाणार."

सँडी चहाचा कप घेऊन आला, तो मास्तरांनी घेतला नाही. ते बसच्या थांब्याकडे निघाले. मी गाडी शेजारी नेली, तर बसायला तयार नव्हते. मग पाऊस आला तेव्हा बसले. मी त्यांना इन्व्हरुरीच्या स्टेशनवर सोडलं. उतरताना दार धरून उभे राहिले.

"चंद्राचं ठेवलंय त्यांनी," ते म्हणाले. "तेही चुकीचं छापलंय. मी 'मावळतो' लिहिलं होतं. त्यांनी 'उगवतो' केलंय."

"कॅलमला सांगू का मी?"

"नको. त्याच्याशी बोलू नकोस," मास्तर म्हणाले, आणि दार जोरात लावून आत गेले.