सामन्याआधीची उडी

लुशियस टॉलिव्हरची उडी पाहायला लोक सामना सुरू व्हायच्या आधीच येऊन बसत. पेनसिल्व्हेनियातल्या त्या कोळशाच्या गावात हिवाळ्यातला शनिवार म्हणजे बास्केटबॉल. सराव चाललेला असताना लुशियस धावत यायचा, हवेत चढायचा आणि चेंडू वरून रिंगमध्ये असा आपटायचा की अख्खं सभागृह दणाणायचं. टाळ्या काय, शिट्ट्या काय! आणि सामना सुरू झाला की तोच माणूस चेंडू रिंगमागच्या फळीला टेकवून अलगद आत सोडायचा, झोपलेलं लेकरू गादीवर ठेवावं तसा.

रिवाजच तसा होता. सामन्यात वरून आपटणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर थुंकणं. जो आपटेल त्याला पुढच्या उडीत कुणीतरी खालून उडवणार, आणि पंच दुसरीकडे बघणार. लुशियस आठवडाभर शर्टांच्या कारखान्यात गठ्ठे उचलायचा. मनगट मोडलं, की सोमवारपासून चूल थंड.

पण त्याची बायको व्हर्लीन इस्पितळाच्या धोबीखान्यातून सुटून यायची, तोवर अर्धा सामना उरकलेला असे. इतक्या वर्षांत तिनं ती उडी पाहिलीच नव्हती.

"गाव म्हणतं तुझा नवरा उडतो," ती म्हणायची. "मला तर खुर्चीतून उठतानासुद्धा कण्हताना दिसतो."

त्या मार्चमध्ये लुशियसच्या गुडघ्यांनी साफ नकार दिला. शेवटचा सामना ठरला. समोरच्या संघात स्टॅश वोयचिक, खाणकामगाराचा मुलगा, दारासारखा रुंद. एकमेकांना कोपरं मारता मारता दोघांचे केस विरळ झालेले.

"स्टॅश, आज मी एकदा आपटणार," लुशियस त्याच्या कानाशी म्हणाला.

"डोकं फिरलंय का तुझं? मला तुला पाडावं लागेल. नाही पाडलं तर आमचे लोक मला परतीच्या मोटारीत घेणार नाहीत."

"पाड की. पण माझी बायको येऊ दे आधी."

व्हर्लीन आली, ओल्या कोटासकट बसली. लुशियसला चेंडू मिळाला. तो चढला, आणि आपटला. त्यानं वळून पाहिलं. व्हर्लीनचा हात तोंडावर होता.

यानंतर तो लांबूनच चेंडू टाकत राहिला असता, तर कुणी नावं ठेवली नसती. पण मग त्या आपटण्याची शिक्षा, ते पडणं, त्याच्या संघातल्या एखाद्या सोबत्याच्या वाट्याला आलं असतं. तो पुन्हा रिंगखाली गेला, उडी घेतली. स्टॅशचा खांदा त्याच्या मांड्यांखाली शिरला. लुशियस उलटा झाला. पण स्टॅशच्या मुठीत त्याचा बनियन घट्ट होता, पाठ अलगद जमिनीला टेकेपर्यंत. टर्रकन फाटला.

"मनगट?" स्टॅशनं विचारलं.

"शाबूत आहे."

"मग ऊठ, नाटक्या."

घरी चालताना व्हर्लीननं त्याचा हात सोडला नाही. शेवटी त्यालाच राहवलं नाही.

"अगं, उडी कशी वाटली?"

ती पायरीवर थांबली, किल्ली शोधू लागली.

"तो आडदांड राहतो कुठे? रविवारी जेवायला बोलाव त्याला."